बिनसुट्टीचं चाक

फ्रीव्हीलमधली कुत्री मेली एकदाची.
पॅडल फिरायचं हवेत, मी जागच्या जागी.
लाडलेसाबनं ते काढून कानाशी हलवलं
बाजारात नारळ हलवतात तसं,
म्हणाला, "टाके मारतूं. फुकट.
पन याद रख अंबादास,
अब ये छोड़ती नै तेरेकू."

तीन टाके. निळा उजेड, जळक्या ग्रीसचा वास.
तेव्हापासून चाक फिरतं तोवर पाय फिरतात,
पाय थांबले तर चाक थांबलं पाहिजे,
मधे पळवाट नाही.

पहिल्याच दिवशी रेल्वे पुलाच्या उतारावर
सवयीनं पाय सैल सोडले
आणि सायकलीनं मला सीटवरून उचललं.
कुल्फीवाला हसला. मी पण हसलो,
कोपर सोलवटलं होतं तरी.
पंधरा दिवसांनी मागं जोर देताना आटेच सुटले.
मग भंगारातली बॉटमची जुनी चकती
वरून आवळली, छिन्नी आणि हातोडीनं.
ती अजून आहे.

वैशाखात रात्रपाळी सुटते सातला
तेव्हाच हँडल हातात धरवत नाही.
दुपारी निघालो कधी
तर डांबर टायर सोडताना चर्र वाजतं
आणि ट्यूबमधलं जुनं ठिगळ
सोल्युशन वितळून आपली जागा बदलतं.

आषाढात पाऊस नाही, वारा.
अक्कलकोट रोडला समोरून, तोंडात माती.
दुसऱ्या सायकली दोन पॅडल मारून दम खातात.
मी दम खाल्ला की वारा मला परत पाठवील गेटपर्यंत.
वेडी बाभूळ रस्त्यावर काटे टाकून ठेवते,
आठवड्याला दोन तरी.

हस्त बरसला की चेन एका रात्रीत लाल.
खात्यातून बाटलीभर तेल आणतो, मूठभर सुती वेस्ट.
मालक बघतो, बोलत नाही.
चेनीला अर्धा बोट ढील ठेवायची.
ताणली तर करवादते, सोडली तर उतरते.
मागावर ताण्याचंही तेच आहे,
फक्त तिथं मला पगार मिळतो.

आणि पौषात, गड्ड्याच्या गर्दीत,
पाय न टेकता उभा राहतो मी,
अर्धा इंच पुढं, अर्धा इंच मागं,
नंदीध्वज जाईपर्यंत.
फुगेवाला विकायचं विसरून बघत राहतो.
वर्षातली एवढीच माझी कसरत.

अम्मा विड्या वळते.
झोपेतही तिचा अंगठा बोटांवर फिरतो,
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही.
मी लायटीच्या उजेडात स्पोक ताणत बसलेला असतो.
दोघं बोलत नाही. बोलायला हात मोकळे लागतात.

करंट गेला की खात्यातले एकोणीस माग
एकदम गप्प होतात,
आणि कानात काहीतरी फिरत राहतं
बराच वेळ.
मालक हल्ली मागांकडं किलोच्या नजरेनं बघतो.
व्यंकटेश भिवंडीला गेला, फोन करतो,
"का बे, अजून तीच सायकल?"
डॉक्टर म्हणाले, गुडघ्यात आवाज आहे.
मी म्हणालो, तेल टाकता येत नाही का.
ते हसले नाहीत.

शेजारचं पोरगं, पवन, परवा विचारत होतं,
"मामा, उतारावर तरी बसून राहा की."
मी सायकल उलटी केली अंगणात,
चाक हातानं मागं फिरवलं.
पॅडल मागं आलं, मुकाट.
"बघ. ही मागं पण जाते."
पोरगं बघत राहिलं. मग म्हणालं,
"मागं कुठं जाणार पण तुम्ही?"

मी पंधरा नंबरचा पाना शोधू लागलो.
समोरच पडला होता.