वर्तणूक

तीन टाकीच्या चौकात, मेडिकलच्या पायरीला लागून
धनाजी कणसे सीताफळं मांडतो.
तुर्भ्याच्या मार्केटातून पहाटे चारला उचललेली,
क्रेटमध्ये खाली पाला,
पाल्यावर ती, एकमेकांना न घासता बसवलेली,
परीक्षेला मुलं बसवतात तशी.

मी त्याला ओळखलं नाही. त्यानंच ओळखलं.
"सर, दाबू नका.
कधी खायचंय तेवढं सांगा. आज, उद्या, का परवा?"

सर म्हणायचं खरं तर कारण नाही.
एकतीस वर्षं कोपरखैरण्याच्या शाळेत मी कारकून होतो.
दाखल्याचे रकाने भरायचो:
जन्मतारीख अंकी, मग अक्षरी,
जात, पोटजात, शाळा सोडण्याचे कारण,
आणि वर्तणूक.
तिथे शब्द ठरलेला. चांगली.
शाई वाळायच्या आत पुढचा दाखला, पुन्हा चांगली.
साडेचार हजार माणसं मी अशी चांगली करून सोडली
कुणाच्याही आत न डोकावता.

एकदाच हात थांबला.
सहलीचे अकराशे रुपये खणातून गेले होते
आणि त्या दुपारी खडू मागायला हा आला होता.
माथाडीचं पोर, चपलेला सुतळी, नजर खाली.
मी मनातल्या मनात अंगठा टेकवला.
मऊ लागलं.
लिहिलं: समाधानकारक.

पैसे ऑगस्टात सापडले,
पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यामागे, मीच सरकवलेले.
दाखला तोवर गेला होता,
कुठल्या कुठल्या खिडकीतून आत जाऊन
कितीदा बाहेर आला असेल, मला ठाऊक नाही.
रजिस्टरात खाडाखोड चालत नाही,
असं मी स्वतःला सांगितलं.
नियम खरा होता, हीच तर सोय.

सीताफळाला डोळे असतात.
दोन डोळ्यांमधली फट पांढुरकी झाली
की झाडावरून उतरवायचं.
डोळे उघडले, म्हणतात.
आई याच्याच बिया वाटून बहिणीच्या उवांवर लावायची.
घट्ट मीट, म्हणायची, थेंब गेला तर आंधळी होशील.
आणि त्याच बियांना धरून तो सगळा गर,
एकेकीभोवती वेगळा, सोडवून खावा लागणारा.
मला यातून काही सिद्ध करायचं नाही.
रांगेत उभा होतो, आठवलं.

पुढे एक बाई होत्या.
अकरा फळं दाबली त्यांनी, मी मोजली,
म्हणाल्या, कच्चीच आहेत सगळी,
आणि रिक्षाला हात केला.
धनाजीनं ती अकरा वेचून
स्टुलाखालच्या पिशवीत ठेवली.
"दाबल्या जागी आधी काळं पडतं, सर.
मग लोक म्हणतात, फळच नासकं."

एवढंच बोलला.
माझ्याकडे बघून बोलला की सवयीनं, ते कळलं नाही.
दाखल्याचं त्यानं काढलं नाही.
मीही नाही.
घशात आलं होतं, तिथेच बीसारखं फिरवत राहिलो.
"ती अकरा मला दे," म्हणालो, "पूर्ण भावानं."
"ती विकायची नसतात. घरी पोरं आहेत."

मग परवासाठी चार निवडून दिली,
वजन झाल्यावर, काटा शून्यावर आल्यावर
एक बारकं वर टाकलं.
ते कशाबद्दल, हेही विचारलं नाही.

आता ती स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर,
पेपरात गुंडाळून.
रात्री पाण्याला उठलो तर
कागद बाजूला केलेला होता
आणि माझा अंगठा फळावर.
अजून दाबला नव्हता.

लाइट घालवली.
परवा म्हणजे परवा.
तरी अंधारात बराच वेळ उभा होतो,
हात पाठीमागे धरून,
शाळेत मुलांना उभं करायचे तसा.