एकाची उणीव

ग्रांद-सालीनच्या वाटेवर
पोरं मला नावानं नाही, वासानं ओळखतात.
"आली, पांढऱ्या कपड्यांच्या वासाची बाई!"
रविवारचे चर्चचे सदरे ज्यानं धुतात
तोच वास माझ्या बोटांना, सातही वार.
नवरा म्हणतो, मिर्लांद, भातालासुद्धा लागतो तो.

पिशवीत काचेची नळी, गोळ्यांचं पाकीट, एक वही.
दार वाजवायचं, बादलीची तोटी सोडायची,
नळीत गोळी टाकून हलवायची.
गुलाबी झालं की लिहायचं: आहे.
नाही झालं की लिहायचं: नाही.
कारण विचारायला वहीत रकाना नाही.

दिएलोमच्या नावापुढे सात वर्षं "नाही".

म्हातारा मिठागरातला. टाचांच्या भेगा
कधी मिटल्याच नाहीत.
म्हणायचा, "रोग आणणारे पांढऱ्या गाड्यांतून आले,
थेंब देणारेही पांढऱ्या गाड्यांतूनच.
जो मला पाण्यात पाहतो
तो मला पाणी कसा पाजेल, तूच सांग."

त्या मार्चमध्ये मला वाटलं, युक्ती सुचली.
मिठाचा खडा उचलून त्याच्या तळव्यावर ठेवला:
"बाटलीतलं औषध परकं नाही, दिएलोम.
ते ह्याच्यातच असतं. खाऱ्या पाण्यातून वीज सोडली
की सुटून बाहेर येतं.
एकटं असलं की भारी वखवखलेलं.
सतरा इलेक्ट्रॉन, शेवटच्या कड्यात एकच कमी,
त्या एकासाठी दिसेल त्याला ओरबाडतं:
सदऱ्यावरचा डाग, नदीतला जंतू,
श्वासात गेलं तर माणसाची फुप्फुसं.
सोडियमनं तो एक दिला की झालं,
असं गपगार होतं की शेळ्याही चाटतात."

प्रशिक्षणात शिकले ते सगळं धडाधडा म्हणून टाकलं.
खूश होते स्वतःवर.

तो खड्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "म्हणजे सिल्यानाच्या वेळी
हे इथंच होतं?"

बाहेर ढीग उभे होते,
काही माझ्या कमरेएवढे, काही डोक्याएवढे,
उन्हात डोळे दिपवणारे.
"होतं," मी म्हणाले.
खोटं बोलायला हवं होतं का, अजून कळत नाही.

"दवाखान्यात म्हणे मीठ-साखरेचं पाणी देत होते."
"हो."
"मीठ."
"हो."

सिल्याना पहाटे नदीवर गेली, पाणी घेऊन आली,
दुपारी तिला उभं राहवेना,
रात्री खेचरावर आडवी घालून निघाले, पुलापर्यंत पोचले.
हे मला शेजारणीनं सांगितलं. त्यानं कधीच नाही.

आमच्याकडे म्हणतात,
मेलेल्याला उठवून कोणी शेतात राबवत असेल
तर त्याला अळणीच जेवू घालतात.
चुकून मिठाचा कण जिभेवर पडला
की तो जागा होतो
आणि आपली कबर शोधत चालू लागतो.
मी दिएलोमच्या हातावर मीठ ठेवलं
आणि वही मिटून पुढच्या दाराशी गेले.

पुढच्या महिन्यात तिकडे पाय वळेना.
गेले, सगळ्यांत शेवटी, उन्हं उतरल्यावर.
कोपऱ्यात बादली. नवी. झाकण, तोटी.
वास उंबऱ्याबाहेरूनच आला.
नळीत गोळी टाकली:
गुलाबी कुठलं, किरमिजी,
कुंपणावरच्या बोगनवेलीसारखं.

"किती थेंब टाकलेस?"
"मोजले नाहीत."
"फार झाले. हे पिऊ नकोस.
रात्रभर उघडं ठेव, उडून जाईल."
"उडून कुठं जाईल?"
ह्याचं उत्तर प्रशिक्षणात नव्हतं.

मी वहीत लिहिलं: आहे.
त्यानं झाकण काढून भिंतीला टेकवलं.
मग आम्ही बसून राहिलो, बादलीच्या दोन बाजूंना,
कंदील लावायचंही कुणाला सुचलं नाही.
दोघांचे डोळे चुरचुरत होते,
आणि बोल लावायला तो वास होता.