पाड

पत्र्या मारुतीच्या मागच्या बोळात
झेरॉक्सवाला आणि पिठाची गिरणी यांच्या मधोमध
मुनीर बागवानचं दुकान आहे.
मधोमध म्हणजे किती, तर एक माणूस आत गेला
की दुसऱ्यानं बाहेर थांबायचं.
पुस्तकांवर गिरणीचं पीठ बसतं;
तो आधी फुंकर मारतो, मग किंमत सांगतो.

आजोबा मंडईत आंबे विकायचे. वडील पेरू, सीताफळं.
हा पुस्तकं विकतो, पण हात तोच:
उचलतो, देठाकडून बघतो,
म्हणजे शेवटचं पान आधी,
नाकाशी नेतो,
आणि मग गिऱ्हाइकाकडे बघतो.
"हे तुम्हाला आत्ता नको. दोन वर्षांनी या."
एका रिटायर्ड इंजिनिअरना त्यानं
असं तीनदा परत पाठवलंय.
ते चिडतात. चौथ्यांदा येतात.

नवीन माल आला की चिठ्ठ्या निघतात,
जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर, निळ्या बॉलपेननं:
"चाळीस पानं कळ काढा. एकेचाळिसाव्यावर म्हातारी बोलू लागते."
"भाषांतर बरं. शिव्या मिळमिळीत."
"कवितासंग्रह. पावसावर एकही नाही. बिनधास्त घ्या."
"हे मी वाचलेलं नाही. पण ज्यानं नेलं होतं
तो पैसे परत मागायला आला
आणि न मागताच गेला."

गेल्या दिवाळीनंतर मात्र तो एकाच पुस्तकाच्या मागे लागला.
सांगोल्याकडचा कुणी लहू गेजगे,
बोअरच्या गाडीवर बारा वर्षं, त्याची पहिली कादंबरी.
तीनशे प्रती. स्वतःच छापलेल्या,
स्वतःच एसटीनं आणून टाकलेल्या.
लोणच्यांचं पुस्तक मागणाऱ्या बाईंना मुनीरनं ती दिली.
गाईड मागणाऱ्या पोराला दिली.
पत्ता विचारायला थांबलेल्या डिलिव्हरीवाल्याला
उधार दिली.
मला म्हणाला, "ताई, ही घ्या. पाडाला आलाय तुम्ही."

पंचेचाळिशीत बाईला लोक बरंच काही म्हणतात.
हे कुणी म्हटलं नव्हतं.

घेतली. उशाशी ठेवली. तिच्यावर चष्मा,
चष्म्यावर वीजबिल, बिलावर आईचे रिपोर्ट.

"कशी वाटली?" फाल्गुनात त्यानं विचारलं.
"छान," मी म्हणाले. "भाषा छान आहे."
कार्बाइडचा आंबा झाडावरचा म्हणून खपवणाऱ्याकडे
मंडईत जसं बघत असतील
तसं त्यानं बघितलं,
आणि दुसऱ्या एका पुस्तकावर फुंकर मारत बसला.

पुढचे दोन महिने मी लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून
वळसा घालून घरी गेले.
दळण परक्या गिरणीत. पीठ जाडं यायचं.
झेरॉक्स ऑफिसात, साहेबांची नजर चुकवून.

परवा आईला झोप येईना. हाताला लागलं ते
मोठ्यानं वाचायला घेतलं.
शंभर फुटांवर गाडी. पाणी नाही.
दोनशे. नुसता फुफाटा. मालकीण तोंडाला पदर धरून उभी.
तीनशे.
मी थांबले. "पुढं?" आई म्हणाली.
पुढं अडीच वाजले. मधे कधीतरी ती झोपली,
मी आपली मोठ्यानंच वाचत राहिले.
दोनशे सहाव्या पानात एक लग्नपत्रिका.
चि. सौ. कां. कुणाचं तरी नाव,
आणि मागं निळी अक्षरं:
"इथून पुढचं मला नीट कळलेलं नाही.
तीनदा वाचलं. तुम्हाला कळलं तर सांगाल?"

सकाळी दळणाचा डबा उचलला.
शेवटची पानं मी चारदा वाचलीत.
मलाही कळलेलं नाही.
हे सांगायचं कसं ते जुळवत बोळात शिरले तर
गिरणी चालू, पीठ उडतंय,
आणि आत इंजिनिअर उभे आहेत,
म्हणजे मला बाहेर थांबायचंय.