वेढे

उकंडा मिस्त्रीनं मला कधी काही शिकवलं नाही.
तीन वर्षं मी फाट्यावरच्या दुकानात
जळक्या मोटरींतून काळं तांबं उपसलं,
वार्निशचा डबा उन्हात ठेवला, सावलीत ठेवला,
खाचा बुजवायला बांबूच्या कामट्या तासल्या.
ते ओठांतल्या ओठांत वेढे मोजायचे
आणि मधे कुणी बोललं, अगदी गिऱ्हाईक बोललं,
तरी सगळी तार उकलून
पुन्हा एकपासून.

किती वेढे, विचारलं की म्हणायचे,
"तुह्या हाताले समजन, अंब्या.
मंग तू मले सांगजो."

माझ्या हाताला काही समजत नव्हतं.
मग ताईचा जुना फोन आला माझ्याकडं,
काच तडकलेला, पण चालणारा.
रात्री एकनंतर, नेट जरा मोकळं असतं तेव्हा,
दक्षिणेकडच्या कुण्या माणसाचे नुसते हात पाहिले.
चेहरा नाही. भाषा कळेना.
पण वेढे त्यानं खडूनं पाटीवर लिहिले होते,
अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, बासष्ट,
जसं काही लपवायचं असतं हे त्याला माहीतच नाही.
माझी तीन वर्षं
अकरा मिनिटांत मावली.

सकाळी सांगून टाकलं. थोडं रागातच.
मिस्त्रींनी कानावरची विडी चाचपली, ओढली नाही.
"दाखव."
तीनदा पाहिलं. आकड्यांकडं बघितलंच नाही.
"थो डावखुरा हाय," म्हणाले.
"अन् अंगठा भाजला हाय त्याचा.
तार कशी जपून घेते, पाह्य."
मी चौथ्यांदा लावलं.
खरंच, अंगठा जरा लांब धरलेला.
मी अकरा मिनिटं काय पाहत होतो?

त्यानंतर आकडे मी वहीत उतरवत गेलो.
ते मोजत राहिले.
कुणी कुणाला काही म्हटलं नाही.

यंदा शेवंताबाई आडेच्या वावरात सोलर पंप बसला.
पाटीएवढी नव्हे, छपराएवढी काच,
आणि खांबावर एक पांढरा डबा, चारी बाजूंनी बंद.
दीड महिन्यात पाणी थांबलं.
कंपनीचा नंबर लागत होता, माणूस लागत नव्हता.

मिस्त्रींनी सवयीनं पेचकसाचं टोक डब्यावर टेकवलं,
मूठ कानाला.
मोटरीचं दुखणं त्यांना असंच ऐकू यायचं,
बेअरिंग घासतंय, वेढा तुटलाय, पाणी शिरलंय.
बराच वेळ उभे राहिले, डोळे मिटून.
"कायीच बोलत नाही हा."

शेवंताबाईंनी दुसरीकडं पाहिलं.

डब्याखाली एक लाल दिवा लुकलुकत होता.
मी धुऱ्यावर चढलो, तिथं रेंजची एक काडी येते,
आणि कंपनीचं पुस्तक फोनवर उघडलं, इंग्रजी,
अक्षरं मुंगीएवढी:
दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा,
मग किती थांबतो, मग पुन्हा किती.

"मिस्त्री, मोजा," मी वरून ओरडलो.

ते डब्यासमोर बसले, उकिडवे,
ऊन पाठीवर घेऊन.
ओठ हलू लागले.

"झालं का? किती?" मी विचारलं.

हात वर करून त्यांनी मला गप्प केलं.
मग पुन्हा
एकपासून.