ढापा

अण्णा सांगायचे, ढापा फणसापासून नऊ पावलांवर,
विहिरीकडे तोंड करून.
कोणाची पावलं, ते सांगायचं राहिलं.

मे महिन्यात घरात सतरा माणसं
आणि तिसऱ्या दिवशी न्हाणीतलं पाणी
उलट बोलायला लागलं.
लियाकतभाईचा टँकर वेंगुर्ल्याहून निघालासुद्धा.
फोनवर त्याने एवढंच विचारलं,
"झाकण मोकळं आहे ना?"

मी नऊ पावलं टाकली : अनंताचं झाड.
दिराने टाकली, त्याची नऊ गडग्याला जाऊन टेकली.
पास्कू मेस्त्री दोन्ही जागी पहार आपटून म्हणाला,
"वयनी, हय नाय. आवाज भरलेलो येता."
तोवर तीन खड्डे झाले होते,
सोलं वाळत घातलेल्या सुपात लाल माती उडाली होती,
आत्याबाई ओट्यावरून प्रत्येकाला वेगळी दिशा दाखवत होत्या.

मग आठवलं, नऊ हा आकडा शेवटच्या वर्षातला.
झटका येऊन गेल्यानंतरचा.
त्यांच्या काखेत माझा हात असायचा.

फणसाला पाठ लावून उभी राहिले.
उजवं पाऊल टाकलं, डावं ओढलं,
तळव्याखाली चिऱ्याची भुकटी करकरत गेली.
पोरं हसली. दीरही हसायला लागला होता,
पाचव्या पावलाला थांबला.
नवव्याला मी म्हटलं, इथे.
पास्कूने पहार टाकली.
खालून रिकाम्या हंड्यासारखा आवाज आला.

अडीच फूट माती. मग फरशी, गंजलेलं कडं.

हे तोंड मी एकदाच उघडं पाहिलं होतं,
अठ्ठ्याण्णव साली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.
तेव्हा टँकर नव्हता. कुडाळहून एक माणूस आला होता,
कमरेला दोर, हातात पत्र्याचा डबा.
तो आत उतरला तेव्हा आम्ही खिडक्या लावून घेतल्या.
चहा मीच नेला. कपबशी गडग्यावर ठेवली
आणि परत घरात घेतली नाही.
नाव कोणी विचारलं नाही.
मीसुद्धा नाही.

लियाकतभाईने पाइप सोडला, पोरांना मागे हाकललं :
"वाकायचं नाही. वास नसला तरी आतली हवा माणूस ओढते."
पंपाच्या आवाजात काही वेळ कोणीच बोललं नाही.

मेस्त्री हात धुता धुता म्हणाला,
"तोंड वर आणूया. परत खणूक नको."

चार दिवसांनी टेम्पोतून सिमेंटच्या दोन रिंगा आल्या.
एकीवर एक बसवल्या, सांधे भरले,
बाहेरून डांबर, मातीतलं पाणी आत झिरपू नये म्हणून.
माती थरथराने चोपत भरली.
ढाप्याखाली लोखंडी जाळी :
उघडा राहिलाच, तर पोर जाळीवर थांबेल.
वर नवा ढापा, दोन कडी, चार बोल्ट,
जमिनीपेक्षा चार बोटं उंच.

खर्च ऐकून दीर गप्प बसला. ढापा बघून बोलला :
"पुढच्या दारी हे असं? वर कुंडी तरी ठेव."
आत्याबाईंनी कुंडी निवडूनही ठेवली होती, शेवंतीची.
मी ती विहिरीपाशी नेऊन ठेवली.

सिमेंट ओलं होतं. खिळ्याने एक बाण काढला,
खाली लिहिलं : पाइप इकडून येतो.
तारीख. मेस्त्रीचं नाव, पास्कू फर्नांडिस.
आणखी एका नावापुरती जागा उरली होती.
खिळा थोडा वेळ तिथे धरला,
मग सिमेंट आळलं.

आता रात्री आमचं मांजर त्यावर निजतं,
दिवसभराची ऊन धरून ठेवतो तो.
विहिरीवर जाताना मी वळसा घालते,
आणि कधी कधी, कोणी नसलं की,
डावा पाय ओढते.

काल मुंबईहून दिराचा फोन.
आंबे पोचले, पेटीतले दोन सडले होते.
मग जरा थांबून,
"तो ढापा... फार दिसतो का गं?"

दिसतो, म्हटलं.