धोट्याच्या उलट

अशोक चौकात, पत्र्याखाली, बेचाळीस डिग्रीत
मी बर्फावरची फळी तासतोय.

औलीहून श्रीलताचा, भाचीचा, फोन होता:
"मामा, नवी पोरं वळताना पडतात.
इथल्या जुन्या फळ्या सरळसोट, हट्टी.
जरा कंबर घालून दे."

चाळीस वर्षं धोटे केले मी.
पोट फुगीर, दोन्ही टोकं निमुळती,
मागाच्या या काठाहून त्या काठाला
सरळ जायचं, वळायचं नाव नाही.
माग भंगारात गेले, हात राहिला.
ही फळी धोट्याच्या उलट:
टोकं रुंद, मधे बारीक.
रंधा दोनदा चुकला,
हात अजून पोट ठेवू बघतो.

बर्फ मी पाहिलाय तो रसवंतीतला,
गोणपाटात गुंडाळलेला, भुसा चिकटलेला.
त्यावर कोण कशाला वळेल?

म्हणून आधी हातभर नमुना केला.
नरसम्माची परात घेतली,
ज्वारीचं पीठ पसरलं,
नमुना एका कडेवर कलता धरला.
टोकं टेकली, मधे फट.
दाबला तशी फट मिटली, लाकूड वाकलं,
आणि पिठात कोर उमटली,
बीजेच्या चंद्राएवढी बारीक.

मी वळवलं नव्हतं काहीच.
नुसता कललो होतो.

"पिठाशी खेळायचं वय आहे का?"
नरसम्मानं कोर मोडली, पाणी घातलं,
भाकरी थापली.

जेवताना दाताखाली एक कपचा आला.
म्हणजे उजवी कड
अजून केसभर खरबरीत आहे.