हातचा

सोहारच्या कॉलेजात, खोली एकशे चारमध्ये
पहिल्याच सत्रात शब्द अडला.
फळ्यावर एकाखाली एक दोन संख्या,
नुसत्या शून्यांच्या आणि एकांच्या.
एक अधिक एक, खाली शून्य, आणि…
इंग्रजी शब्द जिभेवरून निसटला,
अरबी तेव्हा येतच नव्हती.
तोंडून निघालं ते मिरजेच्या पाच नंबर शाळेतलं :
हातचा एक.

वर्ग हसला. मग वहीत उतरवून घेतला त्यांनी,
च त्यांच्या लिपीत नाही, तिथे श बसवून.
थुरैया अल मक्बालिया म्हणाली,
"मॅडम, हा तर आमच्या बाजूने चालतो."
खरंच की. उजवीकडून डावीकडे.
जन्मभर बेरजा केल्या,
तो कुठे जातो ते पाहिलं नव्हतं.

त्यावर सव्वीस वर्षं.
पुस्तकाच्या आवृत्त्या जाडावत गेल्या, प्रोसेसर बारीक.
कॅशे शिकवताना मी मासळीबाजारात न्यायचे सगळ्यांना, फळ्यावरूनच :
लागणारी सुरमई हाताशी, बर्फात,
बाकीची होडीत,
उरलेली समुद्रात.
समुद्रापर्यंत जाऊन यायला किती चक्रं लागतील, मोजा.
हिलाल, कोळ्याचा मुलगा, कोरा कागद देऊन म्हणाला,
"वारा असला तर मोजता येत नाही."
त्याला एक गुण दिला. नियमात बसत नव्हता.

भाऊ फोनवर म्हणायचा,
हातचं सोडून पळत्याच्या पाठी गेलीस.
हातचं म्हणजे काय काय,
त्याने कधी मोजून सांगितलं नाही.
आईची शेवटची दोन वर्षं त्यात धरायची का,
मीही विचारलं नाही.

आज निरोपाचा कागद, अकरा सह्या.
ग्रंथालय, भांडार, घराची किल्ली,
गाडीच्या काचेवरचा स्टिकरसुद्धा खरवडून परत.
अकरावी सही विभागप्रमुखांची, ते नमाजाला गेलेले.
म्हणून बसले बाकावर, एकशे चारच्या बाहेर.

दार अर्धं उघडं. आत डॉक्टर थुरैया.
लाल दिवे एकेक करत डावीकडे पेटत गेले असतील,
मला भिंतच दिसत होती.
ऐकू आलं :
"वाहिद ज़ाइद वाहिद, सिफर. व हात्शा वाहिद."

कुणा पोराने विचारलं, हा शब्द कुठला?
"आर्किटेक्चरचा," ती म्हणाली. "पाठ करा."

जिन्यावर चपला वाजल्या.
मी कागद पुढे केला.